स्वमग्न मुलाला भाषा शिकवताना : नवख्यांसाठी पहिल्या पायऱ्या

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला बोलायला शिकवायचे ठरले की बहुतेक जण पहिल्याच दिवशी चित्रांची कार्डे घेऊन बसतात. हत्तीचे चित्र दाखवायचे, ‘हे काय?’ असे विचारायचे आणि मुलाने ‘हत्ती’ म्हटले की टाळ्या वाजवायच्या. काही महिन्यांत मूल पन्नास प्राण्यांची नावे घडाघडा सांगू लागते, आणि तरीही तहान लागली की पाण्याच्या भांड्याशी उभे राहून रडते. ‘पाणी’ हा शब्द त्याला येत नाही असे नाही. पण तो चित्रासमोर उच्चारायचा शब्द म्हणून येतो, दुसऱ्या माणसाकडून पाणी मिळवण्याचे साधन म्हणून येत नाही. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५७ मध्ये भाषेचा जो विचार मांडला, त्यात मागणे, नाव सांगणे, ऐकलेले तसेच म्हणणे आणि दुसऱ्याच्या बोलण्याला उत्तर देणे ही निरनिराळी कामे मानली होती. त्यांच्या एकूण सिद्धान्तावर पुढे कडाडून टीका झाली आणि त्यातली बरीचशी रास्तही होती, पण ही एवढी विभागणी शिकवणाऱ्याच्या रोजच्या उपयोगाची आहे. इतर मुले एका कामासाठी मिळालेला शब्द दुसऱ्या कामाला सहज लावतात. स्वमग्न मुलाच्या बाबतीत ते गृहीत धरता येत नाही. म्हणून येथे क्रम वेगळा ठेवला आहे : आधी सांगण्याचे कारण, मग सांगण्याची रीत आणि त्यानंतर शब्दांची भर.

हा लेख पालकांसाठी आणि या कामात नव्याने आलेल्या शिक्षकांसाठी आहे. वाचा-भाषा तज्ज्ञाची जागा तो घेऊ शकत नाही; तज्ज्ञाशी झालेल्या दोन भेटींच्या मधल्या दिवसांत काय करावे, एवढाच त्याचा विषय आहे.

शिकवण्याआधीचा आठवडा

पहिले काम श्रवणचाचणीचे. मूल हाकेला ओ देत नाही पण आवडीच्या गाण्याचे पहिले सूर ऐकताच दुसऱ्या खोलीतून धावत येते, तेव्हा ‘त्याला ऐकू तर येतंच’ असे घरातले सगळे खात्रीने सांगतात. तरीही चाचणी करून घ्यावी, कारण विशिष्ट पट्टीतले आवाज कमी ऐकू येणे किंवा कानात पाणी साचून ऐकणे अधूनमधून मंदावणे हे घरच्या घरी कळत नाही. आधी येत असलेले शब्द मुलाने गमावले असतील, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

त्यानंतर आठवडाभर काहीही न शिकवता फक्त पाहावे आणि वहीत टिपावे. ‘मूल संवाद साधत नाही’ असे वाक्य वहीत नको. ‘बाटली माझ्या हातात आणून ठेवली आणि झाकणाकडे पाहिले’, ‘पंखा बंद झाल्यावर माझा हात धरून बटणाकडे नेला’, ‘पाहुणे आल्यावर उशी तोंडावर घेतली’ अशी वाक्ये हवीत. अशी वीस-पंचवीस टिपणे झाली की लक्षात येते, हे मूल दिवसभर काही ना काही सांगतच असते. फक्त त्याची रीत आपल्या ओळखीची नसते. पुढचे सगळे शिकवणे याच रीतींवर बांधायचे आहे. बाटली आणून देणारे मूल चित्र आणून देण्यापासून फार दूर नाही.

समजणे आणि बोलणे वेगवेगळे तपासावे. बूट हातात घेऊन, दाराशी उभे राहून ‘चल, बूट घाल’ म्हटले आणि मुलाने पाय पुढे केला, तर त्याला वाक्य समजले असे म्हणता येत नाही. त्याला प्रसंग समजला. तेच वाक्य भलत्या वेळी, खोलीच्या मध्यभागी बसून, दाराकडे न पाहता आणि हात न हलवता म्हणून पाहावे. या तपासणीत अनेक पालकांना धक्का बसतो, पण शिकवणे कुठून सुरू करायचे ते तिच्यामुळेच ठरते. याच्या उलटही घडते : एक शब्दही न बोलणाऱ्या मुलाला आपल्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त समजत असते. म्हणून त्याच्यादेखत त्याच्याविषयी, ते तिथे नसल्यासारखे बोलू नये.

मागण्याला जागा करून देणे

प्रेमळ घरात मुलाला मागावेच लागत नाही, आणि भाषा शिकण्याच्या दृष्टीने हीच मोठी अडचण ठरते. त्याने भांड्याकडे पाहिले की पाणी पुढे येते, खेळणे अडकले की कोणीतरी सोडवून देते. इथे थोडी रचना बदलावी लागते. आवडीची वस्तू दिसेल पण हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवावी. पारदर्शक डबा घट्ट झाकणाचा असावा. कोड्याचे सगळे तुकडे एकदम न देता एकेक द्यावा.

साबणाचे फुगे घेऊन पहिला धडा कसा होतो ते पाहू. आपण मुलासमोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर जमिनीवर बसतो. तीन-चारदा फुगे उडवतो. मूल उड्या मारते, फुगे फोडते. मग बाटलीचे झाकण घट्ट लावून बाटली दोघांच्या मध्ये ठेवतो आणि थांबतो. काही विचारायचे नाही, ‘काय हवंय?’ असेही नाही. चेहऱ्यावर उत्सुकता ठेवून मनात सावकाश दहापर्यंत आकडे मोजायचे. मूल बाटली उचलते, झाकण चावून पाहते, फिरवते, जमत नाही. सातव्या-आठव्या आकड्याला ते बाटली आपल्या मांडीवर टाकते आणि क्षणभर आपल्या हाताकडे पाहते. झाले, हीच मागणी. त्याच क्षणी, एका सेकंदाचाही उशीर न करता ‘फुगे!’ म्हणून झाकण उघडायचे आणि फुगे उडवायचे. उद्या हीच कृती थोडी अधिक स्पष्ट होईल, काही दिवसांनी तिच्यासोबत ओठांचा ‘फ’ येईल किंवा येणार नाही, पण दुसऱ्या माणसाकडे वळले की काहीतरी घडते, हे मुलाच्या लक्षात आलेले असेल.

दहा आकडे थांबणे कागदावर सोपे दिसते. नवख्या माणसाचा धीर तिसऱ्या आकड्यालाच सुटतो आणि तो बोलू लागतो. माझाही कित्येक महिने सुटत असे. स्वतःचे पाच मिनिटांचे चित्रण करून पाहिले, तर आपण किती बोलतो आणि मुलाला किती कमी जागा ठेवतो ते कळते.

एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळावी. तहान, भूक, शौच आणि भीती यांच्यावर धडा बेतू नये. ‘पाणी म्हण, मगच देते’ असे म्हणून तहानलेल्या मुलाला ताटकळत ठेवणे हे शिकवणे नव्हे. त्यातून मूल शब्द शिकलेच तर त्यासोबत आपल्याविषयीचा अविश्वासही शिकते. अडवणूक खेळातल्या फुग्यांपुरती आणि तीही मूल हसत असेपर्यंतच.

लक्ष एकत्र आणणे

मागणे हा संवादाचा अर्धाच भाग झाला. आकाशातले विमान पाहून इतर मूल बोट दाखवते आणि आईकडे वळून पाहते, तेव्हा त्याला विमान नको असते. ‘तूही बघ’ एवढेच म्हणायचे असते. एकाच गोष्टीवर दोघांचे लक्ष जुळण्याच्या या क्षमतेतून शब्द कोणत्या वस्तूचा आहे हे मुलाला कळत जाते, आणि स्वमग्न मुलात नेमका हाच धागा उशिरा किंवा वेगळ्या तऱ्हेने विणला जातो.

हे शिकवण्याची माझ्या मते सर्वांत चांगली रीत म्हणजे आपण मुलाच्या लक्षामागे जाणे. मूल गाडीचे चाक फिरवत बसले असेल, तर गाडी हिसकावून ती ‘नीट’ चालवून दाखवू नये. दुसरी गाडी घेऊन शेजारी बसावे आणि आपणही चाक फिरवावे. थोड्या वेळाने मूल डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहील की हा माणूस करतो आहे काय. तेव्हा ‘चाक फिरलं. गरगर, गरगर’ एवढेच म्हणावे. प्रश्न कमीत कमी विचारावेत. ‘हे काय? कोणता रंग? किती चाकं?’ अशी सरबत्ती झाली की खेळाची परीक्षा होते, आणि मूल फक्त विचारल्यावर बोलणारे होऊन बसते. एका प्रश्नामागे निदान चार-पाच साधी विधाने, असा हिशेब मी ठेवतो.

‘माझ्या डोळ्यांत बघ’ असा आग्रह धरू नये. अनेक प्रौढ स्वमग्न व्यक्तींनी सांगितले आहे की नजरेला नजर देताना ऐकण्याकडे लक्ष राहत नाही. मूल आपल्या हातातल्या वस्तूकडे पाहत असेल तर तेवढे लक्ष पुरेसे आहे.

शब्द कोणते आणि वाक्ये कशी

पहिले शब्द मुलाच्या टिपणवहीतून घ्यावेत, पुस्तकातून नव्हे. ज्या मुलाला पंख्याचे वेड आहे त्याचा पहिला शब्द ‘पंखा’ असू द्यावा. ‘दे’, ‘अजून’, ‘हवं’ असे सर्वत्र चालणारे शब्द सुरुवातीला सोयीचे वाटतात, पण त्यांत एक अडचण आहे : मूल प्रत्येक गोष्टीला ‘अजून’ म्हणू लागते आणि काय अजून ते कोणालाच कळत नाही. म्हणून आधी पाच-सात नेमकी नावे आणि क्रिया, मग हे सर्वव्यापी शब्द.

‘नको’, ‘थांब’ आणि ‘मदत कर’ यांना मात्र पहिल्या दहा शब्दांत जागा हवीच. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, काम अवघड झाले म्हणून आरडाओरड किंवा स्वतःला इजा करणाऱ्या मुलांना मदत मागण्याचे एक वाक्य शिकवले आणि ते वागणे कमी झाले. चावणे, डोके आपटणे, वस्तू फेकणे यांच्यामागे पुष्कळदा ‘हे नको’ किंवा ‘मला जमत नाही’ एवढेच असते. मुलाने ‘नको’ म्हटले की सुरुवातीच्या काळात ती गोष्ट खरोखर बाजूला ठेवावी. ‘नको’ शिकवून वर तो न ऐकणे याच्याइतका उलटा धडा दुसरा नाही.

आपले बोलणे मुलाच्या बोलण्यापेक्षा थोडेच लांब असावे. मूल शब्द बोलत नसेल तर एकेक-दोनदोन शब्द, एक शब्द बोलत असेल तर दोन-तीन. पण छोटे म्हणजे मोडके नव्हे. ‘चेंडू पड’ असे बोलू नये, ‘चेंडू पडला’ म्हणावे. मराठीत चेंडू पडला, बाटली पडली आणि पान पडलं, हे कानावर पडल्याशिवाय मुलाला क्रियापदाची घडण हाती लागणार कशी? आणि घरात दोन भाषा बोलल्या जात असतील, तर ‘गोंधळ नको’ म्हणून त्यांतली एक बंद करण्याचे कारण नाही. दोन भाषा ऐकल्याने स्वमग्न मुलांच्या भाषावाढीला अपाय होतो, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. आईने आपल्या सहज भाषेत बोलणे हे परक्या भाषेत अडखळत बोलण्यापेक्षा केव्हाही बरे.

मदत देणे आणि ती काढून घेणे

मूल अडले की आपण हात धरतो, बोट दाखवतो, शब्दाचे पहिले अक्षर उच्चारतो. या सगळ्याला प्रॉम्प्ट म्हणतात. प्रॉम्प्ट देणे सोपे असते, तो काढून घेणे हेच खरे कौशल्य. दोन-तीन दिवस पूर्ण शब्द म्हणून दाखवला असेल, तर नंतर फक्त ‘पं…’ म्हणावे, त्यानंतर नुसतेच ओठ मिटून आशेने पाहावे, आणि शेवटी तेही थांबवावे. असे केले नाही तर मूल शब्दाची नव्हे, आपल्या खुणेची वाट पाहत राहते.

‘म्हण, पाणी’ हा प्रयोग पूर्ण टाळावा. मूल इमानेइतबारे ‘म्हणपाणी’ शिकते आणि मग तो ‘म्हण’ काढायला महिने जातात. नुसते ‘पाणी’ म्हणून थांबणे पुरते. आठ-दहा वेळा म्हटल्यावर एकदा उत्तर मिळाले, तर पाठोपाठ ‘परत एकदा म्हण’ असाही आग्रह नको. एकदा सांगून काम झाले, हेच तर त्याला पटवून द्यायचे आहे.

ऐकलेलेच परत म्हणणाऱ्या मुलाविषयी

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या अकरा स्वमग्न मुलांचे वर्णन केले त्यांतली आठ बोलत होती, आणि ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी म्हणणे व ‘मी’च्या जागी ‘तू’ वापरणे या दोन्ही गोष्टी त्यांनी तेव्हाच नोंदल्या होत्या. या पुनरुच्चाराला एकोलेलिया म्हणतात. पुढे बराच काळ तो निरर्थक समजून बंद पाडण्याकडे कल होता. १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डकन यांनी मुलांच्या अशा बोलण्याचे चित्रण बारकाईने तपासले आणि त्यामागे सात निरनिराळी कामे दाखवून दिली : आपली पाळी घेणे, होकार देणे, मागणे, स्वतःशी उजळणी करणे वगैरे. तेव्हापासून ‘हे थांबवायचे कसे’ हा प्रश्न मागे पडून ‘हे मूल यातून काय सांगते आहे’ हा प्रश्न पुढे आला.

‘तुला पाणी हवंय का?’ असे मूल स्वतःच म्हणत आले, तर ते पाणी मागत आहे. पाणी मिळताना त्याने प्रत्येक वेळी हे वाक्य ऐकले, म्हणून पाण्याचे नावच ते झाले. अशा वेळी ‘तुला नाही, मला म्हण’ अशी दुरुस्ती करू नये. तिने गोंधळ वाढतो, कारण ‘मला’ कोण आणि ‘तुला’ कोण हे बोलणाऱ्यागणिक बदलते. त्याऐवजी पाणी देताना आपणच मुलाच्या बाजूने बोलावे : ‘मला पाणी हवंय.’ त्याने हे उचलले, तर ते जसेच्या तसे बरोबर ठरते.

मराठीत याला आणखी एक पदर आहे. दिवसभर आईबरोबर राहणारा मुलगा ‘मी पडले’, ‘मी जाते’ असे म्हणतो आणि लोक हसतात. त्याने स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा घोळ केलेला नाही, तर आईचे वाक्य अखंड उचलले आहे. त्याच्या बाजूने बोलताना आईने ‘मी पडलो’ म्हणावे, आणि शक्य तेव्हा बाबांनी किंवा मोठ्या भावाने आपल्या कृती बोलून दाखवाव्यात : ‘मी बसलो’, ‘मी आलो’.

जुनी, लांबची वाक्ये अवेळी येतात तेव्हा त्यांचा मूळ प्रसंग शोधावा. एखादे मूल घाबरले की ‘काही होत नाही, एकच सुई’ असे म्हणते, कारण ते वाक्य त्याने दवाखान्यात ऐकले होते. मग आपण उत्तर वाक्याला द्यायचे नाही, भीतीला द्यायचे : ‘भीती वाटते. मी इथे आहे.’

चित्रे, खुणा आणि बोलणारे यंत्र

शालेय वयातही साधारण पाव ते एक तृतीयांश स्वमग्न मुले अगदी मोजके शब्द बोलतात किंवा बोलतच नाहीत. त्यांना भाषा नाकारण्याचा आपल्याला अधिकार नाही. तरीही ‘चित्र दिले तर ते बोलायचेच सोडून देईल’ या भीतीपोटी अनेक घरांत मोलाची वर्षे वाया जातात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, सर्वांत भक्कम पुरावा असलेल्या २७ व्यक्तींपैकी एकाचेही बोलणे चित्रे, खुणा किंवा यंत्र वापरल्यामुळे कमी झालेले आढळले नाही. बहुतेकांचे थोडे वाढलेच. म्हणून वाट पाहू नये.

अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या चित्रविनिमयाच्या पद्धतीत पहिल्या टप्प्याला दोन मोठी माणसे लागतात, आणि यातच तिची खुबी आहे. एक जण समोर आवडीची वस्तू घेऊन बसतो. दुसरा मुलाच्या मागे बसतो आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही. मुलाचा हात वस्तूकडे गेला की मागचा माणूस तो हात चित्राकडे वळवतो, चित्र उचलून समोरच्याच्या तळहातावर ठेवायला मदत करतो, आणि समोरचा वस्तूचे नाव घेऊन ती तत्काळ देतो. कोणी काही विचारत नाही. सुरुवात मुलाकडून होते. मागची मदत कमी होत जाते, मग चित्राचे अंतर वाढवतात, आणि त्यानंतरच दोन चित्रांतून निवड शिकवतात. चित्राचा नेमका अर्थ मुलाला पहिल्या दिवशी कळला नाही तरी चालते.

संवादफलक (बोट लावून सांगण्यासाठी चित्रे मांडलेला फलक) किंवा बोलणारे टॅबलेट वापरायचे असेल, तर ते दिवसभर मुलाच्या हाताशी असावे. धड्यापुरते काढून कपाटात ठेवलेले यंत्र म्हणजे तोंडाला कुलूपच. आपण बोलताना आपणही त्यावरच्या चित्रांना बोट लावत बोलावे, कारण ती भाषा कोणी बोलताना पाहिलेच नाही तर मूल ती शिकणार कुठून? एका गोष्टीपासून मात्र लांब राहावे : मुलाचा हात किंवा कोपर धरून अक्षरफलकावर मजकूर ‘लिहवून घेणे’. १९९० च्या दशकातल्या नियंत्रित चाचण्यांत मूल आणि हात धरणारा यांना वेगवेगळी चित्रे दाखवली, तेव्हा उमटलेली उत्तरे हात धरणाऱ्याने पाहिलेल्या चित्रांची निघाली. पालकांची आशा समजण्यासारखी आहे, पण तो आवाज मुलाचा नसतो.

एका खोलीतून बाहेर

शिक्षिकेजवळ बोललेला शब्द घरी येत नाही, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. हे मुलाचे हट्टीपण नव्हे. त्याने शब्दासोबत ती खोली, ती खुर्ची आणि तो आवाजही शिकलेला असतो. म्हणून नवा शब्द सुरुवातीपासूनच तीन माणसांनी, तीन जागी, तीन वेगळ्या वस्तूंसह वापरावा. लांबलचक तासापेक्षा दिवसभरात विखुरलेले पाच-पाच मिनिटांचे प्रसंग अधिक कामाचे. वहीत बरोबर उत्तरांपेक्षा ‘न विचारता आलेले’ किती, हा आकडा ठेवावा.

पुढचे अवघड शब्द

वाक्ये येऊ लागली की नवे पेच सुरू होतात. शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलाला ‘डोकं खाऊ नकोस’ म्हटले की ते गोंधळून जाते आणि ‘पोटात कावळे ओरडतायत’ ऐकून खरोखर पोटाला कान लावते. असे वाक्प्रचार टाळण्याची गरज नाही; त्यांचा अर्थ मात्र लगेच साध्या शब्दांत सांगावा आणि जमल्यास त्यांची एक गमतीची वही करावी. ‘का’ आणि ‘केव्हा’ हे प्रश्न ‘काय’ आणि ‘कुठे’ यांच्यानंतर घ्यावेत. घडून गेलेल्या गोष्टी सांगण्यासाठी त्या दिवशीची दोन-तीन छायाचित्रे समोर ठेवली तर मुलाला आधार मिळतो.

सर्वांत अवघड आणि सर्वांत निकडीचे शिकवणे दुखण्याचे. पंखा दोघांनाही दिसतो, पण मुलाच्या पोटातले दुखणे आपल्याला दिसत नाही, मग त्या क्षणी शब्द पुरवायचा कसा? त्यासाठी ज्याचे कारण दिसते तिथून सुरुवात करावी. गुडघा खरचटला की तिथे हात ठेवून ‘गुडघा दुखतोय’ म्हणावे. आपले बोट दारात चेमटले की तेही मोठ्याने सांगावे. शरीराचे एक साधे रेखाचित्र भिंतीवर मुलाच्या उंचीला लावावे आणि प्रत्येक खरचटण्याच्या वेळी त्यावर ती जागा दाखवावी. अनेक महिने मूल फक्त गुडघाच दाखवील, कधीकधी काहीच झालेले नसतानाही. तरी दर वेळी जाऊन पाहावे, फुंकर घालावी. मग एखाद्या रात्री ते आपला हात धरून त्या चित्रापाशी नेते आणि कानावर बोट ठेवते. तेव्हा शाबासकी नंतर. आधी डॉक्टरांना फोन.